चिरंजीवांचे रॅप

आमच्या चिरंजीवांनी रॅपर व्हायचे ठरविले आहे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली 'आफत' नुसत्या आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले; आपल्या घरी तोही नाही, ही त्यांची तक्रार!

पहिले रॅप ऐकविले. यमके चोख, पण चौथ्या ओळीला दम संपला. अन् विषय? झोपडपट्टी, पोलिसांचा मार, उपासमार! "अरे, पार्ल्यात राहून उपासमार? तुला ठाऊक तो आषाढीचा उपास, साबुदाण्याच्या खिचडीवरचा!" मी हसलो. स्वारी चार दिवस बोलली नाही.

काल रात्री गच्चीवरून आवाज आला. गेल्या वर्षी नोकरी सुटल्यावर दोन महिने मी डबा घेऊन निघे आणि बागेतल्या बाकावर बसे. ते सारे त्यात होते! घरात कोणालाच ठाऊक नाही, अशी माझी समजूत. या खेपेस दम कुठेच तुटला नाही. दिवा न लावता मी जिन्यातच उभा राहिलो.