गोळीचे नाव खिशात ठेवा



दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी याविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. मागच्या गळीत हंगामात आमच्या गटात जे घडले, ते पाहून गप्प बसणे बरे वाटेना.

एका ऊसतोड मजुराच्या पायाला कोयता लागला. जखम चिघळली, पू झाला. दवाखान्यात गेले तर तोड बुडणार, म्हणून त्याने दुकानातून सल्फाच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. जखम सुकू लागली. आठव्या दिवशी ताप आला, डोळे लाल झाले, घास गिळवेना. मग छातीवर जांभळट डाग उठले. खोपीवरचे म्हणाले, उष्णता बाहेर पडली. सब्जाचे पाणी दिले अन् गोळ्या चालूच ठेवल्या. कारण ‘कोर्स पुरा करा’ हे आम्हीच मेळाव्यात सांगत आलो आहोत! दोन दिवसांत ओठांवर रक्ताच्या खपल्या धरल्या, पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटू लागली. जिल्ह्याच्या रुग्णालयात महिनाभर राहून माणूस वाचला. आजही त्याला उन्हात डोळा उघडवत नाही.

या दुखण्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. याच नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली ते लिहून ठेवले. यात दहापैकी एखादा दगावतो; पण अंगाची ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली, तर दहापैकी तीन-चार जण हाती लागत नाहीत. दुखणे फार क्वचित होते, वर्षाला दहा लाखांत मोजक्यांना. सल्फा यात पुढे आहे, पण पेनिसिलिन जातीची औषधे, फिटच्या आणि युरिक ॲसिडच्या काही गोळ्या यांनीही होते. बहुधा औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवडे या काळात; म्हणजे गोळ्या संपल्यावरसुद्धा.

औषध वाईट, असे आमचे म्हणणे नाही. लाखो लोकांना ते सोसते. तणनाशकाचा पंप न धुता वांग्यावर मारला तर वांगी जळतात, तिथे चूक आपली असते. इथे डोस बरोबर असूनही एखाद्याचे अंगच ते औषध मानत नाही, आणि ते आधी कळत नाही.

तेव्हा कोर्स पुरा करा हे खरेच, पण तापासोबत पुरळ, तोंडात फोड किंवा डोळ्यांची आग दिसली, तर पुढची गोळी न घेता तडक डॉक्टर गाठावा. एकदा असे झाले की ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचे नाही.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळी कोणती? पाकीट कात्रीने कापून दिलेले, नाव दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहिलेले! रात्री माणूस पाठवून दुकान उघडवावे लागले. चिठ्ठीशिवाय अशी औषधे विकू नयेत असा कायदा आहे, पण खेडेगावात तो कोण पाळतो? निदान औषधाचे नाव लिहून मागायला आपण लाजू नये.

आमची सूचना अशी की, गट ऑफिसातून प्रत्येक सभासदाला आणि टोळीतल्या प्रत्येक मजुराला एक कार्ड द्यावे. त्यावर नाव, गाव आणि न सोसणारे औषध, एवढेच असावे. छपाईचा खर्च संचालक मंडळाने मंजूर करावा. टोळ्या उतरल्या की खोपीवर जाऊन कार्डे भरून घ्यायला आमचे कर्मचारी तयार आहेत. त्या मजुराचे कार्ड तेवढे आम्ही हाताने लिहून दिले आहे.

— ऊस विकास अधिकारी