जुन्या वस्तऱ्याची नवी चकाकी

जुना वस्तरा घेताना पाहायची असते धार. विकणारा दाखवतो चकाकी. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि हल्ली मोबाइलच्या पडद्यावर जे वस्तरे येतात, त्यांतले बरेचसे पॉलिशच्या चाकावर धरून लखलखीत केलेले असतात. सोबत मजकूर ठरलेला: ‘दुर्मीळ’, ‘संस्थानिकांच्या वापरातला’, ‘दाढीला तयार’. संस्थानिकांनी एवढ्या दाढ्या केल्या कधी, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

चाकावर पाते तापते, आणि सर्वांत आधी तापते ती धार, कारण पोलाद तिथे सर्वांत पातळ असते. धारेवर निळसर झाक आली की पोलादाचे पाणी उतरले म्हणून समजावे. मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. शिवाय कारखान्याचा शिक्का आणि पात्यावरचे नक्षीकाम चाकाखाली पुसट होते. म्हणजे ज्या खुणांवरून वस्तऱ्याचे वय कळायचे, त्या घालवून वर जुनेपणाचे पैसे मागितले जातात.

वयाच्या खुणा थोडक्यात अशा. वस्तऱ्यांची दोन मोठी गावे: इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगेन. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि शेफील्डचे नाव झाले. तिथली जुनी पाती जाड, पाचरीच्या आकाराची; झोलिंगेनची पुढची पाती दोन्ही बाजूंनी खोल कोरलेली आणि हलकी. ‘व्ही आर’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे 1837 ते 1901 मधली. देशाचे नाव ठळक छापलेले असेल तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा, कारण अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा तिथला कायदा तेव्हा लागू झाला.

मुठीचे प्रकरण जास्त गमतीचे आहे. पिवळट पांढरी मूठ दिसली की विकणारा ‘हस्तिदंत’ म्हणून मोकळा होतो. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी असते. एकसारख्या सरळ समांतर रेषा दिसल्या तर ते बहुतेक वेळा सेल्युलॉइड असते. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, त्यामुळे इथे विकणाऱ्याचा दावा खोटा ठरणे हेच गिऱ्हाइकाच्या हिताचे. पण सेल्युलॉइडही निरुपद्रवी नव्हे. ते कापूर आणि नायट्रोसेल्युलोज यांचे बनते, चटकन पेटते आणि जुने झाले की कुजू लागते. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ मुठीत मिटून ठेवलेले पाते आतल्या आत खाते. मुठीसमोरच्या भागावरच गंज दिसला की चोर घरातलाच. असा वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांबरोबर एका पेटीत ठेवला तर त्यांनाही गंज चढतो. शिंगाची मूठ त्यामानाने बरी. ती फार तर वाकते किंवा किड्यांच्या तोंडी जाते. शेफील्डच्या कारागिरांकडे शिंगे भारतातूनही जात. शिंग इथून जायचे, पाते जडवून परत यायचे, आणि आता तेच विलायती म्हणून चोरबाजारात पडलेले असते.

खरेदीच्या वेळी भिंग जवळ असावे. धारेचा लहान टवका घासून निघतो, तडा निघत नाही. धार सपाट काचेवर टेकवून पाहावी; ती मधे आत वळलेली असेल तर घासण्यातच बरेच पोलाद खर्ची पडते. पात्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पडलेले घासाचे पट्टे सारख्या रुंदीचे असावेत. कडेला खोल गंजाची छिद्रे असलेला वस्तरा सोडून द्यावा, कारण धार लावताना तीच छिद्रे उघडी पडून टवके होतात. पाठीवर, धारेपासून दूर असलेले काळे डाग चालतात. त्यांचा तिटकारा करणाऱ्यांमुळेच पॉलिशवाल्यांचे फावते.

दुरुस्तीत कमी केलेले चांगले. तांबडा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपर वापरून हातानेच काढावा, बोटे धारेपासून दूर ठेवून. निर्जंतुक करायला वस्तरा उकळू नये. सेल्युलॉइड आणि शिंग दोन्ही बिघडतात. पाते स्पिरिटने पुसावे. कुजणारी मूठ मात्र ताबडतोब काढून वेगळी करावी.

धार लावताना पाते दगडावर आडवे ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. त्यामुळे कोन आपोआप साधतो. 1000 नंबरच्या दगडापासून 8000 किंवा 12000 पर्यंत जायचे, दगडावर धार पुढे ठेवायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. ही कला एके काळी प्रत्येक न्हाव्याच्या हातात होती. आता सलूनमधल्या वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड घालतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण गल्लीत वस्तऱ्याला धार लावून देणारा उरला नाही तो त्यामुळेच. म्हणून कोणी रस्त्यावरच्या धारवाल्याकडे वस्तरा देतो. तसे करू नये. सुऱ्या-कात्र्यांना चालणारे ते चाक वस्तऱ्याला फार खरखरीत असते, आणि तेही तापते.