शस्त्रक्रिया एकाची, पथ्य साऱ्या घराचे

स्थूलता हा आळसाचा परिणाम नसून दीर्घकालीन आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केल्यालाही बराच काळ लोटला. त्यावरील शस्त्रक्रियाही आता नवलाची राहिलेली नाही. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर 2011 मध्ये, मुंबईत ती करवून घेतली, तेव्हा आपल्या भागात तिची बरीच चर्चा झाली. आज लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा येथील रुग्णाला त्यासाठी मुंबई गाठण्याचेही कारण नाही. नागपुरात ती होते. पुढचे आयुष्य मात्र इथल्याच स्वयंपाकघरात आणि इथल्याच पंगतीत काढावयाचे असते. त्या आयुष्याचा विचार घरच्यांनी व आपण स्थानिक डॉक्टरांनी पुरेसा केलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. पोट लवकर भरते, भुकेची संप्रेरके बदलतात आणि पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते. त्यानंतर शरीर नव्या वजनाशी जुळवून घेते. कमी उष्मांकात भागवू लागते आणि भूकही हळूहळू परतते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातही असेच आढळले. पहिल्या एक-दोन वर्षांत उतरलेले वजन पुढे काही अंशी वाढले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्युप्रमाण इतरांपेक्षा कमीच राहिले. तेव्हा चार किलो वजन वाढले म्हणजे सारे व्यर्थ गेले, असे मुळीच नाही. ‘एवढा पैसा घालून काय साधले?’ या टोमण्याने मात्र खरे नुकसान होते. कारण असा रुग्ण तपासणीस येणेच टाळू लागतो.

पथ्य ऐकावयास सोपे आहे. थोडे खावे, सावकाश चावून खावे. ताटातील प्रथिने आधी संपवावीत : अंडी, दही, पनीर, मूग, मसूर, सोयाबीन. दिवसाकाठी किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाने प्यावे. रोज चालावे, स्नायूंना काम द्यावे. आपला मुलूख संत्र्यांचा. फोडी चावून खाल्लेले संत्रे चालते, पण पेलाभर रस पोट न भरताच साखर देऊन जातो. उपासाच्या साबुदाण्याचीही तीच गत आहे.

कठीण आहे ते हे सारे वर्षानुवर्षे पाळणे. घरात सर्वांसाठी भजी तळली जात असताना एकाने मुगाची वाटी घेऊन कोपऱ्यात बसावे, हे किती दिवस चालणार? पंगतीतला ‘माझ्यासाठी एक घ्याच’ हा आग्रह प्रेमाचा असतो, पण लहान झालेल्या जठराला तो सोसत नाही. म्हणून पथ्य साऱ्या घराने स्वीकारावे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यात आणखी एक लाभ दिसतो. आईवडील गोड पेये घरात आणीत नाहीत, रात्री लवकर जेवतात, फिरावयास जाताना मुलांना सोबत नेतात, तेव्हा मुले उपदेशावाचून शिकतात. ज्या घरात स्थूलतेची प्रवृत्ती आहे, तिथे पुढच्या पिढीला याहून चांगली लस नाही.

दुसरी सवय पूरक औषधांची. वजन स्थिरावले की गोळ्या बंद होतात, आणि धोका तिथेच सुरू होतो. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-12 ही जीवनसत्त्वे आयुष्यभर लागतात. तरुण स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी, असा संकेत आहे. आईच्या शरीरात ब-12 नसेल, तर निव्वळ स्तनपानावरील बाळालाही ते मिळत नाही. बाळ फिकट व सुस्त होते, हसणे-बसणे विसरते, कधी हातपाय थरथरू लागतात. उपचारास विलंब झाला तर मेंदूची हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून अशा बाळाची आई समोर आली की तिच्या आहाराबरोबर तिच्या शस्त्रक्रियेचीही चौकशी झाली पाहिजे.

माझ्या व्यवसायबंधूंना दोन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास सतत उलट्या होत असतील, तर आधी थायमिन द्यावे आणि मगच डेक्स्ट्रोजचे सलाइन लावावे. अन्यथा मेंदूला इजा होऊ शकते. तसेच गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, टाळाव्यात. जोडाच्या ठिकाणी व्रण होण्याची भीती असते.

आपल्या संघटनेने एक साधे काम हाती घ्यावे, असे मी सुचवितो. परिसरातील अशा रुग्णांना एक कार्ड द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, चालू औषधे, वार्षिक रक्ततपासण्या आणि वजन यांची नोंद असावी. कोणत्याही सदस्याच्या दवाखान्यात वजन विनामूल्य व्हावे, आणि वाढले तर प्रश्न विचारला जावा, दोष दिला जाऊ नये. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांत आटोपते. उरलेली वर्षे घरच्यांची आणि आपली आहेत.