विजयी सेनापती आणि भयभीत सत्ता

मॉस्कोच्या लाल चौकात दरवर्षी मे महिन्याच्या ९ तारखेस जे लष्करी संचलन होते, त्याच्या वाटेवर, चौकाच्या उंबरठ्याशीच, एका अश्वारूढ सेनापतीचा पुतळा उभा आहे. हा पुतळा मार्शल गिओर्गी झुकोव्ह यांचा. तो १९९५ साली, म्हणजे नाझी जर्मनीवरील विजयाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, तेथे उभारण्यात आला. २०२५ साली त्या विजयाचा ऐंशीवा वर्धापनदिन साजरा झाला, तेव्हाही तोफा आणि रणगाडे याच पुतळ्याच्या सान्निध्यातून गेले. युक्रेनवर २०२२ च्या फेब्रुवारीत आक्रमण करणाऱ्या रशियन राज्यकर्त्यांना आपले युद्ध हे त्याच महायुद्धाचे पुढील पर्व आहे असे भासवावयाचे असल्यामुळे झुकोव्ह यांच्या नावाचा जप तेथे अलीकडे अधिकच चालतो. उलट युक्रेनच्या खार्किव्ह शहरात झुकोव्ह यांचा जो अर्धपुतळा होता तो २०२२ च्या एप्रिलमध्ये काढून टाकण्यात आला. एकाच माणसाला एकीकडे घोड्यावर बसवावे आणि दुसरीकडे चौथऱ्यावरून उतरवावे, असा हा प्रकार आहे. अशा वेळी त्या माणसाचे चरित्र समग्रपणे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ज्या सत्तेचे वारस आज त्याचा जयजयकार करीत आहेत, त्याच सत्तेने त्याला एकदा नव्हे, दोनदा अडगळीत फेकले होते.

झुकोव्ह यांचा जन्म १८९६ साली कालुगा प्रांतातील स्ट्रेल्कोव्का या खेड्यात झाला. वडील चर्मकाम करून कसाबसा संसार चालवीत. मुलगा अकरा-बारा वर्षांचा होतो न होतो तोच त्याला मॉस्कोत मामाच्या हाताखाली फरच्या कपड्यांचा धंदा शिकावयास धाडण्यात आले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ साली त्याला झारच्या घोडदळात भरती करण्यात आले. तेथे शौर्याबद्दल सेंट जॉर्जचे पदक त्याने दोनदा मिळविले. राज्यक्रांतीनंतर हा जवान लाल सेनेत दाखल झाला आणि घोडदळाच्या एकेका पायरीने वर चढत गेला. येथपर्यंतच्या कथेत अलौकिक असे काही नाही. क्रांतीने ज्यांना वर येण्याची वाट मोकळी करून दिली अशा हजारो शेतकरीपुत्रांचीच ही कथा आहे.

अलौकिक होते ते एवढेच की हा मनुष्य १९३७-३८ च्या संहारातून जिवंत वाचला. स्टालिनने त्या दोन वर्षांत आपल्याच सेनेचा जो शिरच्छेद केला त्याला इतिहासात तोड सापडणे कठीण. तेव्हाच्या पाच मार्शलांपैकी तुखाचेव्स्की, येगोरोव्ह आणि ब्ल्यूखर हे तिघे बळी गेले. त्यांच्या मागोमाग कोअर, डिव्हिजन आणि रेजिमेंट यांचे अधिकारी हजारोंच्या संख्येने पकडले गेले. भिंतीलाच काय, उशीलाही कान असावेत असा तो काळ होता. अशा रिकाम्या झालेल्या जागांवर जे तरुण अधिकारी बढती पावले त्यांत झुकोव्ह होते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीकाठी त्यांनी जपानी सैन्याला वेढून त्याचा पुरता धुव्वा उडविला. युरोपात महायुद्धाचा भडका उडण्याच्या ऐन वेळी हा विजय मिळाल्याने जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पण पुढे जपानने उत्तरेकडे न वळता दक्षिणेकडे मोहरा वळविला, त्याला जी कारणे होती त्यांत या तडाख्याची आठवण हेही एक होते, असे मानणारे इतिहासकार आहेत.

१९४१ च्या जानेवारीत ते जनरल स्टाफचे प्रमुख झाले आणि जूनच्या २२ तारखेस हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या. त्या पहिल्या आठवड्यांतील नामुष्कीचा काही वाटा झुकोव्ह यांच्याही पदरात पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सेना सज्ज नव्हती आणि ती सज्ज करणे हे त्यांचे काम होते. मात्र वरिष्ठाची मर्जी पाहून बोलण्याची विद्या त्यांना साधलेली नव्हती. किएव्ह शहर सोडून सैन्य मागे घ्यावे, असा सल्ला आपण स्टालिनला दिला आणि त्यापायी जुलैअखेर आपले पद गेले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. पुढे सप्टेंबरमध्ये किएव्हच्या परिसरात लक्षावधी सोव्हिएट सैनिक वेढ्यात सापडले. नको असलेला सल्ला खरा ठरला, की तो देणाऱ्याची आठवण होते. झुकोव्ह यांना आधी लेनिनग्राडला आणि ऑक्टोबरमध्ये मॉस्कोच्या रक्षणाला धाडण्यात आले.

मॉस्कोची लढाई हाच झुकोव्ह यांच्या कीर्तीचा खरा पाया होय. स्टालिनग्राड, कुर्स्क आणि बर्लिन यांची नावे अधिक गाजली, परंतु त्या सर्व ठिकाणी त्यांच्या हाताशी विपुल साधने होती. १९४१ च्या ऑक्टोबरात त्यांच्या हाती आले ते भग्नावशेष. शहराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सलग अशी फळीच उरली नव्हती. त्यांनी रस्ते धरून ठेवण्यापुरतेच सैन्य पुढे उभे केले, शत्रूला चिखलात आणि मग बर्फात दमविले, आणि सैबेरिया व मध्य आशियातून येणाऱ्या ताज्या तुकड्या अखेरच्या क्षणापर्यंत राखून ठेवल्या. जर्मन फौजा राजधानीपासून सुमारे ३० किलोमीटरवर येऊन थडकल्या होत्या. डिसेंबरच्या ५ व ६ तारखांना त्यांनी प्रतिहल्ला चढविला आणि हिटलरच्या अजिंक्यतेची दंतकथा त्या बर्फात गाडली गेली. शत्रू किती थकला आहे आणि आपला माणूस अजून किती तग धरील, याचा अचूक अंदाज ही सेनापतीची खरी प्रज्ञा. ती त्यांच्यापाशी होती, यात शंका नाही.

तथापि, या प्रज्ञेची किंमत कोणी चुकती केली? मॉस्कोच्या पश्चिमेस ऱ्झेव्ह नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतीचा जर्मन पट्टा मोडून काढण्यासाठी १९४२ सालभर एकामागून एक हल्ले झाले आणि नोव्हेंबर-डिसेंबरात झुकोव्ह यांच्या देखरेखीखाली ‘मार्स’ नावाची मोठी मोहीम काढण्यात आली. ती साफ फसली. स्टालिनग्राडच्या विजयाचे नगारे वाजत असताना या मोहिमेचे नावही उच्चारण्याची सोय उरली नाही, आणि सोव्हिएट इतिहासग्रंथांनी ते दशकानुदशके उच्चारले नाही. रशियाच्या अधिकृत हिशेबानुसारच तेथे सुमारे ७० हजार सैनिक कायमचे गमावले गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्लिनपुढील झेलोच्या टेकड्यांवर १४३ सर्चलाइटांचे झोत सोडून त्यांनी रात्रीच हल्ला केला. धूर आणि धूळ यांनी तो प्रकाश परतवून आपल्याच सैनिकांचे डोळे दिपविले. कोनेव्ह यांच्या आधी बर्लिन गाठावयाचे, ही जी शर्यत स्टालिनने लावून दिली होती, तिच्यात झुकोव्ह यांनी माणसांचा हिशेब ठेवला नाही. सुरुंग पेरलेल्या प्रदेशात पायदळ आपण तसेच पुढे नेतो, असे त्यांनी युद्धानंतर आयझेनहॉवर यांना सांगितले होते. तो अमेरिकन सेनापती ते ऐकून थक्क झाला. झुकोव्ह यांचे समर्थक म्हणतात, दुसरा मार्ग नव्हता. काही प्रसंगी नव्हताही. पण सर्व प्रसंगी नव्हता, हे आम्हांस पटत नाही.

१९४५ च्या जूनच्या २४ तारखेस लाल चौकात भर पावसात विजयाचे संचलन झाले. पांढऱ्या घोड्यावर बसून झुकोव्ह यांनी मानवंदना स्वीकारली आणि लेनिनच्या समाधीपुढे जर्मन निशाणांचा ढीग पडला. पुरते एक वर्षही लोटले नाही तोच चक्र फिरले. हवाई दलाचे प्रमुख नोव्हिकोव्ह यांना अटक करून, छळ करून, त्यांच्याकडून झुकोव्ह यांच्याविरुद्ध जबानी लिहवून घेण्यात आली. १९४६ च्या जूनच्या आरंभी लष्करी मंडळापुढे ती वाचली गेली. विजयाचे सारे श्रेय हा मार्शल स्वतःकडे घेतो, हा मुख्य आरोप! तेथे जमलेल्या मार्शलांनी त्यांच्या दोषांवर बोट ठेवले, परंतु तो राजद्रोही आहे असे म्हणावयास ते तयार झाले नाहीत, म्हणूनच बहुधा झुकोव्ह यांचे प्राण वाचले. त्यांची रवानगी प्रथम ओडेसाला आणि १९४८ साली उरल पर्वताच्या प्रदेशात झाली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण स्टालिनने ऐकली नसेल, पण ती अंमलात आणण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या सुमारास झुकोव्ह यांच्या घराची झडती झाली तेव्हा जर्मनीतून आणलेले हजारो मीटर कापड, गालिचे, चित्रे आणि शेकडो मौल्यवान फर सापडले. (फरच्या धंद्यातील जुन्या उमेदवाराला मालाची पारख असणारच!) झडती सूडबुद्धीने घेतली गेली हे खरे, पण माल खोटा नव्हता. ज्यांना निष्कलंक वीरपुरुषच हवे असतात त्यांनी झुकोव्ह यांच्या वाटेस जाऊ नये.

स्टालिन मरताच त्यांना परत बोलावण्यात आले. १९५३ च्या जूनमध्ये बेरियाला पकडावयाचे ठरले तेव्हा ज्या सेनाधिकाऱ्यांच्या हाती ते काम सोपविले त्यांत झुकोव्ह अग्रभागी होते. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याच देखरेखीखाली तोत्स्कोये येथे खराखुरा अणुबाँब फोडून सुमारे ४५ हजार सैनिकांकडून त्या परिसरात युद्धसराव करविण्यात आला. ऱ्झेव्हच्या सेनापतीला शांततेच्या काळातही आपल्या सैनिकांची काळजी वाटली नाही, असेच या प्रकरणावरून म्हणावे लागते. १९५५ साली ते संरक्षणमंत्री झाले. १९५६ साली हंगेरीतील उठाव रणगाड्यांखाली चिरडण्यात आला तो त्यांच्याच कारकीर्दीत. १९५७ च्या आरंभी ते भारतातही येऊन गेले होते. त्या वेळी स्वागताचे हार स्वीकारणारा हा मंत्री वर्षअखेर आपल्याच राजधानीत अस्पृश्य ठरेल, हे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच यांनी क्रुश्चेव्ह यांना काढून टाकण्याचा घाट घातला. वरिष्ठ मंडळात बहुमत त्यांच्याकडे होते. झुकोव्ह यांनी लष्करी विमाने धाडून देशाच्या कानाकोपऱ्यांतून मध्यवर्ती समितीचे सभासद मॉस्कोस आणविले आणि डाव उलटविला. क्रुश्चेव्ह वाचले. पण जो आपल्याला वाचवू शकतो तो आपल्याला बुडवूही शकतो, हा विचार त्याच क्षणी त्यांच्या मनात शिरला असला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये झुकोव्ह यांना युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या दौऱ्यावर पाठविण्यात आले आणि पाठीमागे त्यांच्या विरुद्ध सभा भरविण्यात आल्या. २६ तारखेस विमानतळावरून त्यांना थेट बैठकीत नेले गेले. त्याच दिवशी मंत्रिपद गेले, आणि दोन-तीन दिवसांतच पक्षातील सर्व स्थाने गेली. सैन्यातील राजकीय अधिकाऱ्यांची सत्ता कमी केली, समितीला न कळविता विशेष दलाची शाळा काढली, स्वतःचे स्तोम माजविले, हे आरोप होते. १९४६ साली ज्या कोनेव्ह यांनी त्यांची बाजू सावरली होती, त्यांच्याच सहीचा टीकालेख ‘प्रावदा’त प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, सेनापतीवर मुलकी सत्तेचा अंकुश हवाच, मग क्रुश्चेव्ह यांचे काय चुकले? प्रश्न रास्त आहे. सेनादलांवर लोकनियुक्त सत्तेचे अधिपत्य, हे तत्त्व आम्ही शिरोधार्य मानतो. भारताच्या घटनेने ते स्वीकारले आहे आणि आपल्या शेजारी देशांत ते मोडले गेल्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. परंतु ट्रूमन यांनी १९५१ च्या एप्रिलमध्ये मॅकार्थर यांना दूर केले, ते आठवावे. अध्यक्षाने उघड आज्ञा काढली, कारण सांगितले, मॅकार्थर यांनी काँग्रेसपुढे भाषण केले, सिनेटने साक्षी घेतल्या आणि लोकांनी वादविवाद केला. अध्यक्षांची लोकप्रियता घसरली, पण तत्त्व राहिले. मॉस्कोत काय झाले? ज्या सत्तेला लोकांनी निवडलेले नव्हते, जिला कायद्याने हटविता येत नव्हते, तिने आपल्या एका बलवान सेवकाला पाठमोरे गाठून खाली पाडले. याला मुलकी नियंत्रण म्हणणे हा शब्दांचा अपमान आहे. बेरियाला पकडण्यासाठी सेनापती हवा, प्रतिस्पर्ध्यांना हरविण्यासाठी त्याची विमाने हवीत, पण त्याच्या सामर्थ्याला कायद्यात जागा नाही, अशी ज्या राज्याची घडण असते तेथे सेनापती एक तर देव्हाऱ्यात असतो किंवा उकिरड्यावर. झुकोव्ह यांनी त्या घडणीला कधी आव्हान दिले नाही, किंबहुना ती राखण्यासच हातभार लावला, हाही त्यांच्या शोकांतिकेचा भाग आहे.

१९५८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांना निवृत्त करण्यात आले. मार्शलाला आमरण सेवेत ठेवण्याची तेथील प्रथा त्यांच्यापुरती मोडली गेली. घरातील बोलण्यावर गुप्त पोलिसांचे कान होते. क्रुश्चेव्ह १९६४ साली पदच्युत झाल्यावर, १९६५ च्या विजयदिनाच्या समारंभात त्यांना बोलाविले, तेव्हा टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो नव्या राज्यकर्त्यांनाही रुचला नाही. आठवणींचे पुस्तक १९६९ साली निघाले, पण कात्री लावून. वर, युद्धकाळी कोण कुठले कर्नल असलेल्या ब्रेझनेव्ह यांचा सल्ला घेण्याची मार्शलांना इच्छा झाली होती, असे एक वाक्य त्यांत घुसडण्यात आले. १९७४ च्या जूनमध्ये ते वारले. पुस्तकाची गाळलेली पाने सोव्हिएट राज्य मोडकळीस आल्यावरच वाचकांना मिळाली.

२०२३ च्या जुलैमध्ये युक्रेनच्या आघाडीवरील ५८ व्या सेनेचे प्रमुख जनरल पोपोव्ह यांना दूर करण्यात आले. आपल्या सैनिकांची हानी शत्रूच्या तोफांना उत्तर देण्याची साधने नसल्याने होत आहे, हे आपण वरिष्ठांना सांगितले म्हणून ही कारवाई झाली, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी त्यांना अफरातफरीच्या आरोपावरून अटक झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लष्करी न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. पोपोव्ह हे झुकोव्ह नव्हेत, आणि ते लढत होते ते युद्धही आक्रमणाचे. आरोप खरे की खोटे, हे ठरविणे आमच्या हाती नाही. पण प्रथम तक्रार, मग बडतर्फी, मग मालमत्तेचा आरोप, हा क्रम ज्यांनी १९४६-४८ चा इतिहास वाचला आहे त्यांना अपरिचित वाटणार नाही.

ऱ्झेव्हला २०२० च्या जूनअखेर एक स्मारक उघडण्यात आले. तेथे घोडा नाही आणि मार्शलही नाही. उंच टेकाडावर २५ मीटर उंचीचा एक साधा पायदळाचा शिपाई, मान खाली घालून, हाती बंदूक घेऊन उभा आहे. आसपासची शेते आणि दलदल खणून त्या शिपायाच्या सोबत्यांच्या अस्थी शोधण्याचे काम स्वयंसेवक अनेक वर्षे करीत आले आहेत, आणि पुष्कळदा सापडलेल्याचे नाव मिळत नाही.