नाणेघाट संपतो तिथे

पावसाळा आला की नाणेघाटाला निघालेल्या गाड्यांनी आमचं मुरबाड भरून जातं. वैशाखरे, वर गुहा, नागनिकेचा ब्राह्मी लेख, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, फोटो, परत. जकात भरलेला माल पुढे कुठल्या पाण्याला लागायचा, हे कुणी विचारत नाही. परवा मी उलटी वाट धरली. सकाळच्या एसटीने कल्याण, आणि स्टेशनावरून पायी खाडीवर.

पारनाक्याच्या बाजूला एखाददुसरा जुना वाडा नव्या इमारतींमध्ये अंग चोरून उभा दिसतो. तिथे फार रेंगाळलो नाही. ओढ बंदराची होती.

खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला म्हणजे माहुलीचा गड चढलेल्या शहापूरकराच्या लेखी टेपाडच. पण 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. कामाला पोर्तुगीज कारागीर होते; ते काम टाकून पळाले. आरमार थांबलं नाही. बुरुजावर उभं राहिलं की जागेची निवड कळते. खाडी इतकी आत शिरलेली, की समुद्राचं वारं इथवर दमून येतं.

बंदर तर त्याहून कितीतरी जुनं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. ‘पेरिप्लस’ लिहिणारा ग्रीक खलाशी तक्रार करतो, की इथे आलेली जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस इथून तांबं, कापड आणि शिसवाचं लाकूड जातं असं लिहितो. ते शिसव आमच्याच रानातलं, असं मुरबाडकराने नाही म्हणायचं तर कुणी?

मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. गाळाचा वास, गणेश घाटाच्या पायऱ्यांना अडकलेलं निर्माल्य, भिवंडीच्या पुलावर कंटेनरची रांग. माल अजून याच वाटेने जातो, फक्त पाण्याकडे पाठ करून. दोन हजार वर्षांच्या या बंदराची ओळख सांगणारी एक धड पाटी मला घाटावर सापडली नाही. रांजणाशेजारी सेल्फीला रांग लागते, इथे मी एकटा.

शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू एक होऊन इथून जवळच उल्हास नदीत उतरतात, म्हणजे आमच्याकडचं पाणीही शेवटी याच खाडीत येतं. तेव्हा या पावसाळ्यात नाणेघाट करून परतताना कल्याणला तासभर थांबा आणि दुर्गाडीवर जा. फक्त भरतीची वेळ बघून.