खुलणारे रंग, चालणारे रंग

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या 'साडी डे'च्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी पिशवीत दोन साड्या घेऊन विभागात आली. एक फिकट मोतिया, दुसरी डाळिंबी. "मॅडम, मला डाळिंबी चालेल का?" मुलगी सावळी. तिच्या गोऱ्या मैत्रिणीने त्याच दुपारी विचारले होते, "मला काय खुलून दिसेल?" मराठी शिकवणाऱ्याच्या कानाला क्रियापदांतला हा फरक बोचल्याशिवाय राहत नाही. एकीला रंग निवडायचा असतो, दुसरीला परवानगी हवी असते.

वस्त्रांच्या रंगांना आपल्याकडे केवढी नावे आहेत! आमसुली, गुलबक्षी, अबोली, मोरपिशी, श्रीखंडी, विटकरी. माणसाच्या कांतीपाशी आलो की मात्र भाषा आटते: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. ही रंगांची नावे नव्हेतच, एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत. सावळ्यात तांबूस झाक असते, पिवळसर असते, निळसरही असते. आणि कोणता कपडा शोभेल हे पुष्कळदा त्या झाकेवरच ठरते. पण स्थळे पाहणाऱ्यांना झाकेशी काय कर्तव्य? १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले, शिडी जिथल्या तिथे आहे.

पश्चिमेतही न्याय झाला असे नाही. कॅरोल जॅक्सन यांच्या 'कलर मी ब्यूटिफुल' (१९८०) या गाजलेल्या पुस्तकाने माणसांच्या वर्णाची चार ऋतूंत वाटणी केली आणि आशियाई व आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांची रवानगी 'हिवाळ्या'त करून टाकली. गोऱ्यांना चार ऋतू, उरलेल्या जगाला एक!

त्यापेक्षा मला शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जवळचा वाटतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथले काळे धागे फिके दिसतात, अशी तक्रार आली. शोध घेता दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत निघाला. शेजारी ठेवलेल्या दोन छटा एकमेकींतला भेद वाढवून दाखवतात, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला. म्हणजे 'सावळीने फिकटच नेसावे' हा घरोघरचा सल्ला स्वतःच्याच हेतूच्या मुळावर येतो. मोतिया काठाशेजारी सावळा चेहरा उजळत नाही, अधिक गडद दिसतो. (त्यात वाईट काय, असे मी म्हणेन, सल्ला देणाऱ्या आत्याबाईंनी मात्र विचार करावा.)

आपल्या संतांना हे शेव्रलवाचून ठाऊक होते. सावळ्या विठ्ठलाला त्यांनी पिवळाधमक पीतांबर नेसवला आणि शतकानुशतके ते त्याच्या रूपाकडे पाहत राहिले. देवाला उजळ दाखवण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

मी त्या मुलीला खिडकीशी उभे केले. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नये, दिवसाच्या उजेडात पदर हनुवटीखाली धरावा आणि पाहताना साडीकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहावे. मोतिया धरली तेव्हा आम्हा दोघींना आधी साडी दिसली. डाळिंबी धरली तेव्हा तिचे डोळे दिसले.

दुसऱ्या दिवशी ती मोतिया नेसून आली. "आई म्हणाली," एवढेच बोलली आणि फोटो काढायला मैत्रिणींत पळाली.