बंदूक कीं नांगर?

गेल्या पावसाळ्यांत भूमितीच्या वह्या तपाशीत असतां एका विद्यार्थ्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्हांस एका बंदुकीचें चित्र आढळलें. नळीचा व्यास, झडपेची जागा, वायूच्या कुपीची लांबी, सर्व मापें मिलिमीटरांत लिहिलेलीं होतीं. प्लास्टिकच्या बारीक गोळ्या उडविणारी ही एअरसॉफ्ट नांवाची बंदूक अंधेरीच्या एखाद्या कारखान्यांत लेथवर घडवून घ्यावी, असा त्या मुलाचा बेत होता. खरें सांगावयाचें तर प्रथम आम्हांस कौतुकच वाटलें. कारण गृहपाठापेक्षां तें चित्र अधिक मन लावून काढलेलें होतें. भीति मागाहून वाटली. या दोन्ही भावनांचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम भीतीचें कारण पाहूं. १९७० नंतरच्या दशकांत जपानांत हा खेळ निघाला. त्यांतील गोळी सहा मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा ०.२ ग्रॅम वजनाची असते. ती सेकंदास १०० मीटर वेगानें सुटली तर तिची ऊर्जा एक ज्यूल भरते. म्हणजे १०० ग्रॅमचा पेरू एक मीटर उंचीवरून पडावा, इतकीच. "मग यांत भिण्यासारखें काय?" असें मुलें विचारतील. परंतु पेरूचा आघात हातभर पसरतो, गोळीचा डोळ्याच्या बाहुलीएवढ्या जागेवर एकवटतो. म्हणूनच डोळ्यांस संरक्षक चष्मा लावल्यावांचून हा खेळ कोणी जाणता मनुष्य खेळत नाहीं.

कुपींतील वायूची गोष्ट याहून गंभीर आहे. कार्बन डायऑक्साइड २० अंशांवर वातावरणाच्या सुमारें ५७ पट दाबानें कुपींत द्रवरूप राहतो. ३१ अंशांच्या वर तो द्रवरूप राहूंच शकत नाहीं, आणि भरलेल्या कुपींतील दाब ७० पटींच्याही पुढें जातो. आपल्या उपनगरांत वैशाखाच्या दुपारीं पारा ३१ च्या खालीं कितीसा असतो? घरीं घडविलेली झडप हा दाब सोसेल कीं नाहीं, हें कोणी तपासलें आहे?

२०२५ च्या दिवाळींत मध्य प्रदेशांत जें घडलें तें पालकांनीं विसरूं नये. प्लास्टिकच्या नळ्यांच्या कार्बाइड बंदुका मुलांनीं खेळणें म्हणून हातीं घेतल्या. कार्बाइडास पाणी लागतांच ॲसिटिलीन वायु निघतो व ठिणगीनें त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाहीं म्हणून कांहीं मुलें नळींत डोकावलीं, आणि नेमका तेव्हांच बार उडाला. शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांस इजा झाली. शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा केवळ दारूच्या बंदुकीपुरता नाहीं. अन्य कोणत्याही ऊर्जेनें गोळी फेंकणारें साधनही त्याच्या व्याख्येंत येतें. "खेळणें होतें" हें उत्तर पोलिसांपुढें पुरे पडेलच असें नाहीं.

तथापि वही फाडून टाकणाऱ्या पालकांशीं आमचें जमत नाहीं. ज्या मुलास झडप कळते, त्यास शिक्षेपेक्षां कामाची गरज अधिक आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणारे व पुढें बेळगांवीं सायकलचें दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनविला. लोखंडानें जमिनीस विष होईल, ही शेतकऱ्यांची समजूत दूर होईपर्यंत तो खपेना; पण त्याच नांगरांतून १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं आपलें यंत्रज्ञान गरीब विणकरांच्या हातमागास वाहिलें. तरवारी मोडून त्यांचे फाळ करण्याचें जें चित्र यशया संदेष्ट्यानें रंगविलें, त्यांत लोहार बेकार होत नाहीं. भट्टी तीच, घणही तोच, फक्त घडणारी वस्तु बदलते.

ज्यास नेमबाजीचीच आवड आहे, त्यानें ती मान्य केंद्रांत, शिक्षकाच्या देखरेखीखालीं जोपासावी. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तें अशाच शिस्तीच्या बळावर.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं सायकलचा पंप उघडून दाखविला. दट्ट्या, झडप, दाबलेली हवा. त्याच्या बंदुकीचें सारें तत्त्व त्यांत होतें. तो म्हणाला, "पण सर, यांत मजा काय?" प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें शाळेच्या बागेंतील पंपाची झडप गळूं लागली. त्यानें माप घेतलें, चित्र काढलें, आणि वडिलांसमवेत मरोळच्या एका गाळ्यांत जाऊन कारागिराच्या हाताखालीं नवा भाग कातून आणला. पहिला भाग बसला नाहीं, दुसरा बसला. पाणी आलें तेव्हां माळीबाबांनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला. मजा कशांत असते, हें आम्हांस त्यास सांगावें लागलें नाहीं.

पालकहो, आपल्या मुलाच्या वहीचें शेवटचें पान एकदां अवश्य पाहा. तेथें बंदूक आढळली तर रागावण्यापूर्वीं घरांत काय नादुरुस्त आहे, तें आठवा. आणि तें काम त्याच्या हातीं द्या.